अठरा मिनिटं

आई हलायची थांबली तेव्हा मला आनंद झाला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझी उलटतपासणी करायला नको.

आमच्या घरात तिला वावटळ म्हणायचे. नाव बाबांनी ठेवलेलं. गल्लीतल्या निम्म्या बायकांचे कपडे ती शिवायची आणि मशीनवर बसलेली असतानासुद्धा ती बसलेली नसायची. पायाने पायडल, तोंडाने स्वयंपाकघराला हुकूम, दाताने दोरा तोडायचा, मध्येच उठून खिडकीतून खाली कुणाला तरी माप विचारायचं, परत येऊन बसायचं. पायाला भिंगरी लावलेली बाई. नाकावर माशी बसू द्यायची नाही. आणि तिच्या पोटी मी, जिला माणूस गप्प बसलेला लागतो.

अकरा वर्षं मी एका स्टुडिओत ओळखपत्रांचे फोटो काढले. मान सरळ, हनुवटी खाली, हसू नका. स्टुडिओवाले काका तिरसट होते, पण शिकवलं त्यांनीच. फोटो धुवायला, छापायला, अंधारात डोळा सरावून बसायला. त्यांच्याकडे माळ्यावर एक जुना लाकडी कॅमेरा धूळ खात होता, तीन पायांवर उभा राहणारा, डोक्यावर काळं कापड घेऊन बघायचा. तो मी मागून घेतला. काका म्हणाले, "पोरी, हे धूड घेऊन तू करणार काय?" मी म्हटलं, "कला." ते इतके हसले की त्यांना खोकला लागला.

हसू दे. मी माझी पद्धत शोधून काढली. भिंगाचं भोक टाचणीएवढं बारीक करायचं आणि खोलीतल्या उजेडात शटर अठरा मिनिटं उघडं ठेवायचं. अठरा मिनिटांत जे जागचं हलत नाही ते फिल्मवर येतं, दगडासारखं स्पष्ट. जे हलतं त्याचा धूर होतो. आणि जे फारच हलतं ते येतच नाही, जसं काही त्या खोलीत नव्हतंच. मी घरंच घरं काढली. ताटं, खुर्च्या, उशा, सगळं लख्ख, आणि माणसांच्या जागी धूर. एका स्पर्धेत परीक्षकांनी मला विचारलं, "हे तुम्ही स्वतः काढलेत की मिस्टरांनी?" मी म्हटलं, "मिस्टर असते तर त्यांना कॅमेरा उचलायला लावला असता." बक्षीस अर्थातच दुसऱ्या कुणाला गेलं.

आईला यातलं काही पटत नव्हतं. "शिवण शिक, हाताला काम राहील," हे तिचं पालुपद. माझं पहिलं प्रदर्शन वाचनालयाच्या व्हरांड्यात लागलं तेव्हा ती आली नाही, कुणाच्या तरी लग्नाचे कपडे द्यायचे होते म्हणे. मी ते मनात ठेवलं. मी सगळं मनात ठेवते, माझा स्वभावच तसा.

त्याच वर्षी मी तिचा पहिला फोटो काढला. दिवस सगळ्यात लहान असतात त्या आठवड्यात सकाळी दहाला तिच्या खिडकीतून उजेड तिरका येतो आणि मशीनवर पडतो. मी कॅमेरा लावला, काचेवर तिची उलटी आकृती बघितली (या कॅमेऱ्यात सगळं डोकं खाली पाय वर दिसतं) आणि म्हटलं, "आई, अठरा मिनिटं हलायचं नाही." ती म्हणाली, "अठरा मिनिटांत माझा एक गळा कापून होतो." मी तिच्याकडे बघितलं की ती बोलायला लागायची, म्हणून मी तिच्याकडे पाठ करून, भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून उभी राहिले. पुढे तोच आमचा नियम झाला. शटर उघडलं की मी पाठ फिरवायची, कुणी बोलायचं नाही, आणि अठरा मिनिटं झाली की मी आधी वहीत नोंद करायची, मग वळायचं.

ती वही अजून माझ्याकडे आहे. तारीख, उजेड, मिनिटं आणि फोटो धुऊन झाल्यावर एक शेरा. पहिल्या वर्षीचा शेरा आहे: "मशीन छान. आई नाही." खरंच नव्हती. खुर्ची होती, मशीन होतं, खिडकी होती, आणि खुर्चीवर किंचित पांढुरकं काहीतरी. आईने तो फोटो बघितला आणि म्हणाली, "माझं भूत काढलंस की गं जिवंतपणी!" आणि खदखदून हसली.

मग मी दरवर्षी त्याच आठवड्यात जायला लागले. तोच उजेड, तीच खुर्ची, तीच अठरा मिनिटं. दुसऱ्या वर्षी: "धूर, पण खांदे आहेत." तिसऱ्या वर्षी मी फिल्म ट्रेमधून उचलली आणि डार्करूममध्ये एकटीच ओरडले. डावा हात आला होता. बाकी सगळी आई धूर आणि त्या धुरातून बाहेर आलेला एक हात, कापडावर पालथा ठेवलेला, अंगठीसकट, बोटं मोजता येतील इतका स्पष्ट. मी छापून तिच्याकडे घेऊन गेले. "बघ, किती सुंदर आलाय हात! बाकी नाही निदान हात तरी माझं ऐकतो तुझा."

ती बराच वेळ बघत राहिली. "हा माझाच का?" तिने विचारलं आणि डावा हात उजव्याखाली झाकून घेतला. मला वाटलं, लाजली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिचं कौतुक केलं होतं, लाजणारच.

चौथ्या वर्षी: "डावा हात, डावा पाय. आई शिकतेय." पाचव्या वर्षी: "चेहरा. अखेर!" त्या उद्गारचिन्हाची मला आता किळस येते.

तेव्हा मात्र मी हवेत होते. मला वाटत होतं, आईने हार मानली, म्हणजे मला मान्य केलं. जी बाई कुणासाठी दोन मिनिटं थांबली नाही, ती माझ्यासाठी अठरा मिनिटं बसायला शिकत होती, एकेक अवयव करून. याहून मोठा आशीर्वाद कुणाला मिळाला असेल तर मला दाखवा. ती तोंडाने म्हणणार नव्हतीच, म्हणून बसून दाखवत होती. असं मी धरून चालले आणि ते मला फार गोड लागलं.

सहाव्या वर्षीचा फोटो मी स्टुडिओवाल्या काकांना नेऊन दाखवला. शेखी मिरवायलाच गेले होते, कशाला खोटं बोला. त्यात आई पूर्ण होती. केस, कान, गळ्यातली मोजपट्टी आणि डोळेसुद्धा. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, भिंग लावून डोळ्यांवर आले आणि तिथेच थांबले.

"ही पापणी मारत नाही का गं?"

"म्हणजे?"

"अठरा मिनिटं ना? अठरा मिनिटांत माणूस दोनशेदा तरी पापणी मारतो. डोळे धुरकट यायला पाहिजेत. माझ्या उभ्या आयुष्यात जिवंत माणूस इतका स्पष्ट आलेला मी बघितला नाही." भिंग त्यांनी खाली ठेवलं. "आईला बरं आहे ना तुझ्या?"

मी मनात म्हटलं, पोटात दुखतंय म्हाताऱ्याच्या. अकरा वर्षं त्याच्या हाताखाली होते, आता पुढे गेले, तर कसं बघवणार! घरी येऊन वहीत शेरा लिहिला: "डोळेसुद्धा. आई शहाणी झाली."

आणि वहिनी! वहिनीचं तर मी कधीच ऐकलं नाही. दादा आणि वहिनी आईबरोबर राहायचे, मी शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या खोलीत. वहिनीचा दर पंधरा दिवसांनी फोन. "ताई, आई हल्ली नुसत्या बसून असतात हो. संध्याकाळ झाली तरी दिवा लावत नाहीत. एक घास चावायला किती वेळ घेतात." मी म्हणायची, "अहो, चाळीस वर्षं राबली ती. बसू दे की जरा." मग एकदा म्हणाली, "त्यांचा आवाज फुटत नाही हल्ली. डॉक्टरांना दाखवायला हवं, पण त्या तयार नाहीत. तुमचं ऐकतील, तुम्ही सांगा." मी म्हटलं, बघते. आईशी फोनवर बोलायची तेव्हा मला अर्धं ऐकूच यायचं नाही. मी ओरडायची, "आई, फोन तोंडाजवळ धर! लाइन खराब आहे!" लाइन खराब आहे असंच मला वर्षभर वाटत होतं. दुसऱ्यांच्या घरातले धूर टिपायला मी गावभर कॅमेरा खांद्यावर घेऊन हिंडत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

सातव्या वर्षी गॅलरीच्या बाई आल्या. म्हणजे मीच गेले त्यांच्याकडे, पण सहा फोटो टेबलावर ओळीने मांडल्यावर त्या उठून उभ्या राहिल्या, म्हणून त्या आल्या असं मी म्हणते. पांढरे बारीक कापलेले केस, बोलणं मोजकं. त्यांच्या गॅलरीत भिंतीवर जागा मिळावी म्हणून लोक दहा-दहा वर्षं चपला झिजवतात. एकेका फोटोपुढून त्या पहिल्यापासून सहाव्यापर्यंत चालत गेल्या आणि परत फिरल्या.

"ही बाई येतेय," त्या म्हणाल्या. "दरवर्षी थोडी थोडी येतेय."

"माझी आई आहे."

"मला सातवा हवा. पूर्ण आलेली. सात फोटो, एक खोली, बाकी काही नाही. पुढच्या महिन्याच्या मध्यात उद्घाटन. सातवा नसेल तर मला यात रस नाही, स्पष्ट सांगते."

मी पंचेचाळीस वर्षांची होते. ओळखपत्रांचे फोटो काढून डोळे गेलेले, पाठ गेलेली, आणि पहिल्यांदाच कुणी मला खोली देत होतं. दिवस सगळ्यात लहान व्हायला आठच दिवस होते. मी रस्त्यात उभी राहून दादाला फोन केला. "पुढच्या रविवारी येते. आईला सांग, या वेळी एकदम फर्स्ट क्लास बसायचं."

रविवारी गेले तर दार वहिनीने उघडलं. तिचे डोळे सुजलेले होते. "ताई, आज नका ना काढू," ती हळूच म्हणाली. "रात्रभर झोप नाही त्यांना. कुशीवर वळायला येत नव्हतं, मी वळवत होते."

"अठरा मिनिटांचं काम आहे, वहिनी. झालं की मी स्वतः बसते तिच्याजवळ."

तिने वाट दिली. माझ्यापुढे तिचं कधी काही चालायचं नाही, बिचारीचं.

आई खुर्चीत होती. कुणीतरी आणून बसवली होती हे मला आता कळतं, तेव्हा मला वाटलं, तयार होऊन बसलीय माझ्यासाठी. झग्याचं वरचं बटण चुकीच्या काजात होतं. शेजारी कपात चहा, त्यावर साय धरलेली. मी म्हटलं, "काय वावटळ, कशी आहेस?" तिने माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर काही उमटलं नाही, पण ओठ हलले. मी तोवर कॅमेऱ्याचे पाय उघडायला लागले होते. उजेड कुणासाठी थांबत नाही.

काळं कापड डोक्यावर घेऊन मी काचेवर बघितलं. उलटी खिडकी, उलटं मशीन, उलटी आई. भिंग बारीक केलं, मशीनच्या सुईवर नजर नेली आणि दचकले. सुईखाली निळं कापड होतं. बाहीची शिवण अर्ध्यावर आलेली आणि सुई कापडात रुतलेली. हे मी कुठेतरी बघितलं होतं. पिशवीतून मागच्या वर्षीचा फोटो काढून ताडला. तेच कापड. तीच बाही. सुई त्याच टाक्यात. एक वर्षभर त्या सुईने पुढचा टाका घातला नव्हता.

आता कुठल्याही शहाण्या माणसाने इथेच कॅमेऱ्याचे पाय मिटले असते. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, वा! दोन फोटो शेजारी लागले की कापड जुळेल. बाईंना आवडेल.

एक माशी आईच्या गालावर येऊन बसली. आईने ती हाकलली नाही. मी जाऊन हाताने उडवली आणि म्हटलं, "झालं, आई. आता अठरा मिनिटं. या वर्षी शेवटचं, मग नाही छळणार तुला." शटर उघडलं आणि पाठ केली.

भिंतीवरचं घड्याळ दहा वाजून सात मिनिटं दाखवत होतं.

पहिली पाच मिनिटं मी भिंतीवर फोटो लावत होते, मनातल्या मनात. कुठला आधी, प्रकाश कुठून, दारातून आत आल्यावर पहिली नजर कुठे. सातव्या मिनिटाच्या आसपास मागून काहीतरी ऐकू आलं. फार बारीक. कापड घासल्यासारखं, किंवा नळाला हवा आल्यासारखं. वहिनीने स्वयंपाकघरात काही लावलं असेल म्हणून मी पाठ न वळवता "श्श!" म्हटलं. आवाज थांबला. जरा वेळाने परत आला. मी पुन्हा "श्श!" केलं, जरा चिडूनच. वळले असते तर माझा नियम मोडला असता, आणि हलल्याने लाकडी जमीन करकरली असती, कॅमेरा थरथरला असता. मी पायाची बोटंसुद्धा आवळून उभी होते. बाराव्या मिनिटानंतर मला एक वास आला, पण मी घड्याळाकडे बघत राहिले. चौदा. सोळा. सतरा.

दहा पंचवीसला मी बाजूला हात करून शटर बंद केलं. वही उघडली. इतकी खात्री होती, की धुवायचीसुद्धा वाट बघितली नाही, तिथेच लिहिलं: "आई उत्तम. एकदाही हलली नाही." मग वळले.

आई तशीच बसलेली होती. तीच मान, तेच हात. खुर्चीखाली पाणी साचलं होतं आणि त्याचा एक ओघळ जमिनीवरून माझ्या कॅमेऱ्याच्या पायापर्यंत आला होता. झगा ओला. तिच्या एका डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि चेहऱ्यावर काहीसुद्धा नव्हतं. त्या कोऱ्या चेहऱ्यावरून वाहणारं पाणी मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"आई! अगं, उठायचंस ना! उठून जायचंस!"

ओठ हलले. मी तिच्या तोंडाला कान लावला, सहा वर्षांत पहिल्यांदाच.

"उठता येत नाही गं," ती म्हणाली.

आईला घेऊन गेलो त्या डॉक्टर तरुण बाई होत्या, शांत. त्यांनी आईचा डावा हात कोपरातून वाकवून बघितला, तर तो अडखळत अडखळत वाकला, गंजलेल्या बिजागरीसारखा. मग उजवा. मग आईला बोटं उघडमीट करायला सांगितली, आणि जी बोटं डोळे मिटून सुईत दोरा ओवायची ती तीनदा मिटली आणि थांबून गेली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. म्हणाल्या, "यात सगळ्यांचेच हात कापतात असं नाही. काहींचं नुसतं हलणंच कमी होत जातं. सुरुवात कधी झाली?"

दादा म्हणाला, "या थंडीत."

वहिनी म्हणाली, "दोन वर्षं तरी झाली असतील." माझ्याकडे तिने बघितलं नाही.

मी पिशवीतून वही काढली. का काढली, मला माहीत नाही. डॉक्टरांनी पानं उलटली. डावा हात. डावा हात, डावा पाय. चेहरा, अखेर. डोळेसुद्धा. प्रत्येक शेऱ्याशेजारी तारीख.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"इतकी नेमकी नोंद मी आजवर एकाही घरातून आलेली बघितली नाही," त्या म्हणाल्या. मग पुन्हा तिसऱ्या वर्षाच्या पानावर गेल्या. "मग तेव्हाच का नाही आणलंत? हा आजार बरा होत नाही, पण औषध आहे. ही चार वर्षं यांची हातपाय हलवत गेली असती. आता सुरू करू. किती परत मिळेल सांगता येत नाही."

बाहेर येऊन आईला गाडीत बसवताना मी तिला विचारलं, "तुला कळत होतं ना? हात जड झालेला? मग बोलली का नाहीस?"

कान लावावा लागला. ती म्हणाली, "तुला आवडला होता तो हात."

आता तुम्ही म्हणाल, मग हिने प्रदर्शन रद्द केलं असेल. नाही केलं. घरी रडले, स्वतःच्या थोबाडीत मारून घेतल्या, वहिनीचे पाय धरायचे बाकी ठेवले, आणि चौथ्या दिवशी डार्करूममध्ये जाऊन सातवी फिल्म धुतली आणि छापायला घेतली. निमंत्रणपत्रिका छापून झाल्या होत्या. आयुष्यभर जे मागितलं ते समोर आलं होतं आणि आई काही मी फोटो न लावल्याने बरी होणार नव्हती. असं मी स्वतःला समजावलं. मन मोठं वकील असतं, कुठलीही बाजू लढवतं.

ट्रेमध्ये आई वर आली. खिडकी, मशीन, अर्धी बाही, आणि आई, केसन् केस लख्ख. डोळ्यांखालची सुरकुती, चुकीच्या काजातलं बटण, सगळं. फक्त एक जागा सोडून. नाकाखाली, हनुवटीच्या वर, जिथे तोंड असायला हवं तिथे धूर होता.

मी लाल दिव्याखाली तशीच उभी राहिले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की कधी कधी नुसते ओठच थरथरतात. मी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. थरथर, दुसरं काय. आईला विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती माझ्यात.

बाईंनी सातवा खिडकीपाशी नेऊन बघितला. मग म्हणाल्या, "हे तोंड कसं केलंत?"

"आपोआप झालं," मी म्हटलं.

उद्घाटनाला खोली भरून गेली. स्टुडिओवाले काका कोपऱ्यात टोपी हातात घेऊन उभे होते. माझ्याजवळ आले नाहीत. अनोळखी माणसं माझा हात हातात घेऊन बोलत होती, एका वर्तमानपत्रवालीने मला तीन प्रश्न विचारले, बाईंनी दुसऱ्या शहरातल्या गॅलरीच्या माणसाशी ओळख करून दिली. ज्या दिवसाची मी तेवीस वर्षं वाट बघितली तो दिवस असा होता. सगळे सातव्या फोटोपाशी येऊन थबकत होते. "किती शांत बसल्यात," कुणीतरी म्हणालं. "समाधी लागल्यासारख्या."

साडेसहाला दादा आईला चाकाच्या खुर्चीवरून घेऊन आला. माझ्या प्रदर्शनाला ती पहिल्यांदाच आली होती. तीन आठवड्यांच्या औषधाने मान जरा वळत होती, आवाज मात्र अजून कानाशी आल्याशिवाय कळायचा नाही. माणसं बाजूला झाली. हीच ती, असं कुजबुजत त्यांनी तिला वाट दिली. दादाने तिला पहिल्या फोटोपुढे नेलं, मग दुसऱ्या. तिसऱ्यापुढे तिने स्वतःचा डावा हात मांडीवर पालथा घातला आणि बघितला. सातव्यापुढे खुर्ची थांबली.

मी तिच्या शेजारी उकिडवी बसले. आजूबाजूला वीस-पंचवीस माणसं असतील, सगळी तिच्याकडे बघत. तिचं बोट हळूहळू वर आलं, फोटोतल्या तोंडाकडे, त्या धुराकडे. तिचे ओठ हलले.

मी कान लावला. "काय, आई?"

"हाका मारत होते तुला."

ते दोनदा आलेलं "श्श" मला ऐकू आलं, माझ्याच आवाजात.

"सगळा वेळ?" मी विचारलं. "अठरा मिनिटं?"

तिने मान माझ्याकडे वळवली. वेळ लागला तिला वळवायला.

"मी कुठे मोजली गं," ती म्हणाली. "घड्याळ तर तू बघत होतीस."